व्याही विचारतात, तुमचा आवडता कोण?

ताई, सप्रेम नमस्कार.

मी मिरजेचा. वय ६६. बँकेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. गाण्याचा नाद लहानपणापासूनचा. शाळेत जाता-येता तंबोरे करणाऱ्यांच्या दुकानांवरून जायचो, तेव्हा जवारी लावतानाचा आवाज फुकट ऐकायला मिळायचा. खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या पुण्यतिथीची दर्ग्यातली सभा मी क्वचितच चुकवली असेल. स्वतः गात नाही, पण ऐकतो.

मुलगा जर्मनीत, लाइपझिगला. सूनबाई तिथल्याच. आमचे व्याही निवृत्त शिक्षक आहेत आणि घरी चेलो (बसून वाजवायचं, व्हायोलिनच्या जातीचं मोठं वाद्य) वाजवतात. माणूस फार चांगला, पण दर रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारतात, तुमचा आवडता संगीतकार कोण? पहिल्यांदा विचारलं तेव्हा गडबडून 'मोझार्ट' म्हणालो, तेवढं एकच नाव तोंडाशी आलं. तेव्हापासून ते मला मोझार्टबद्दल काहीबाही विचारतात आणि मी नेटवर्क गेल्याचं सोंग करतो.

मागच्या खेपेला त्यांनी मला सिम्फनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाची चार भागांची रचना, ऐकायला नेलं होतं. तिसरा भाग इतक्या धडाक्यात संपला की मी जोरात टाळ्या वाजवल्या. आणखी दहा-पंधरा जणांनीही वाजवल्या, बाकी सगळं सभागृह चिडीचूप. व्याही छताकडे बघत होते. नंतर चौथा भाग आला तो रडवेला, शेवटी तर विझतच गेला. तो संपला तेव्हा मला वाटलं, अजून बाकी आहे.

येत्या जूनमध्ये पुन्हा जायचं आहे. सुरुवात कोणापासून करू? गाणाऱ्या-वाजवणाऱ्यापेक्षा लिहिणाऱ्याचं त्यांना एवढं कौतुक का? आणि या वयात कान वळतील का? आमच्या सौ. म्हणतात, सरळ खरं सांगून टाका.

— एक मिरजकर

*

मिरजकर, सप्रेम नमस्कार.

आधी त्या टाळ्यांचं मिटवू, कारण ती गोष्ट तुमच्या मनाला लागलेली दिसते. सिम्फनीचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत. पण तिसरा भाग धडाक्यात संपतो आणि चौथा रडत रडत विझतो म्हणालात, त्यावरून मी पैज लावते, ती चायकोव्हस्कीची सहावी होती. 'पाथेटीक' म्हणतात तिला. तिचा तिसरा भाग म्हणजे लष्करी कवायतीसारखी चढत जाणारी धून, आणि तो संपला की जगात कुठेही, जाणकारांनी भरलेल्या सभागृहातसुद्धा, कोणी ना कोणी टाळी वाजवतोच. इतर बहुतेक सिम्फन्या अशाच जल्लोषात संपतात, त्यामुळे कानाला 'संपलं' असंच वाटतं. चायकोव्हस्कीने मुद्दाम उलटं केलं. जल्लोष आधी घेतला आणि शेवटी अंधार ठेवला. ऑक्टोबर १८९३मध्ये सेंट पीटर्सबर्गला त्याने स्वतः ती वाजवून घेतली आणि त्यानंतर नऊ दिवसांनी तो गेला. म्हणजे तुम्ही चुकला नाहीत, त्याने तुम्हाला फसवलं. ते दहा-पंधरा जणही तुमच्यासारखेच फसले.

आणि हे गप्प बसण्याचं सोवळं फार जुनं नाही. मोझार्टने १७७८मध्ये पॅरिसहून वडिलांना आपल्या नव्या सिम्फनीच्या कार्यक्रमाबद्दल पत्र लिहिलं होतं. एक जागा लोकांना आवडणार हे त्याला आधीच माहीत होतं. तिथे भाग चालू असतानाच टाळ्या पडल्या, म्हणून ती जागा त्याने शेवटी पुन्हा आणली होती, तिथे पुन्हा टाळ्या. खूश होऊन हा नंतर आइस्क्रीम खायला गेला. बीथोवनची सातवी सिम्फनी १८१३मध्ये व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली, तेव्हा लोकांनी तिचा दुसरा भाग 'वन्स मोअर' घेतला. नाट्यसंगीताच्या प्रेक्षकांची आठवण व्हावी असंच ते. तेव्हा पुढच्या वेळी कंडक्टरचे हात पूर्ण खाली येईपर्यंत थांबा, एवढं पुरे. पण मागच्या टाळीबद्दल माफी मागू नका. उलट व्याह्यांना सांगा, मोझार्टला ती आवडली असती.

यावरून मोझार्टकडे येते. तुम्ही गडबडून त्याचं नाव घेतलंत म्हणता. मला तसं वाटत नाही. तुमच्या वयाच्या माणसाने रेडिओवर 'छाया' चित्रपटातलं तलत आणि लताचं 'इतना ना मुझसे तू प्यार बढा' ऐकलं नसेल, हे अशक्य. १९६१चा चित्रपट, संगीत सलील चौधरींचं, आणि त्या मुखड्याची चाल थेट मोझार्टच्या चाळिसाव्या सिम्फनीच्या पहिल्या ओळीवरून उचललेली. म्हणजे कळत नव्हतं तेव्हापासून मोझार्ट तुमच्या कानात आहे. त्यांना खोटं सांगितलं नाहीत तुम्ही, फक्त ओळख कुठे झाली ते तुम्हालाच ठाऊक नव्हतं.

आता ती सिम्फनी लावा आणि पहिली वीस सेकंदं तुमच्या भाषेत ऐका. 'जी मायनर' म्हणतात त्या स्वरावलीतली आहे, तेव्हा 'जी' या स्वराला षड्ज धरा. कोमल ध, प, प. कोमल ध, प, प. कोमल ध, प, प, आणि मग एकदम वर उडी घेऊन कोमल ग. बस, एवढीच धून. खाली व्हायोलांची (व्हायोलिनच्या जरा मोठ्या, खालच्या आवाजाच्या बहिणींची) अस्वस्थ कुजबुज आधी सुरू होते, जणू कुणीतरी दारापाशी येऊन बोलू की नको असं करतंय, आणि मग व्हायोलिनं हे तीन स्वर तीनदा म्हणतात. प्रस्तावना नाही, नगाऱ्याचा ठोका नाही. १७८८च्या एका उन्हाळ्यात त्याने तीन सिम्फन्या लिहिल्या, त्यातली ही मधली. तेव्हा तो ३२ वर्षांचा होता आणि त्यानंतर फक्त तीन वर्षं जगला.

लोकांना मोझार्ट का आवडतो, याचं उत्तर बहुतेक जण 'गोडवा' असं देतात. माझं मत थोडं वेगळं आहे. तो हसता हसता डोळे भरून आणतो आणि कधी आणले ते कळू देत नाही. आपल्याकडे एखाद्या ठुमरीत शुद्ध गंधारावरून अलगद कोमलवर येतात तेव्हा पोटात कसं होतं, तसं. पण हे मी सांगून काय उपयोग, ते ऐकून ठरवा.

तुमचा दुसरा प्रश्न मला सगळ्यात आवडला. लिहिणाऱ्याचं एवढं कौतुक का?

आपल्याकडे बंदीश दोन-चार ओळींची. सदारंगाने बांधली असेल, पण मैफलीत आपण विचारतो, आज कोण गाणार? त्या चार ओळींतून तासाभराचं झाड उगवणं हे गाणाऱ्याचं काम. म्हणून आपलं प्रेम गाणाऱ्यावर. तिथे ते अख्खं झाड, पानापानासकट, कागदावर लिहिलेलं असतं. कोणतं वाद्य कधी शिरेल, आवाज कुठे चढेल, कुठे दबेल, सगळं. त्यामुळे प्रेम झाड लावणाऱ्यावर जातं. पण म्हणून वाजवणाऱ्यावरून भांडणं होत नाहीत असं समजू नका! ग्लेन गूल्ड नावाच्या कॅनडाच्या पियानोवादकाने बाखच्या 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'चं ध्वनिमुद्रण १९५५मध्ये केलं, ते सुमारे ३८ मिनिटांचं. तेच पुन्हा १९८१मध्ये केलं, ते सुमारे ५१ मिनिटांचं. काही आवर्तनं दुसऱ्या वेळी पुन्हा घेतली हे एक कारण, पण लय पाहाल तर पहिलं द्रुत आणि दुसरं विलंबित. स्वर तेच. कुठलं खरं यावर रसिक अजून हमरीतुमरीवर येतात. आपल्या घराण्यांच्या भांडणांची आठवण येऊन मला फार बरं वाटतं.

(याच रचनेबद्दल एक गोष्ट सांगतात की निद्रानाश झालेल्या एका सरदारासाठी ती लिहिली होती. अभ्यासकांचा तिच्यावर फारसा विश्वास नाही. पण सभागृहात डोळा लागलाच तर व्याह्यांना ऐकवायला उपयोगी आहे.)

आता सुरुवात कोणापासून. तुमच्या बाबतीत मला एक क्षणही विचार करावा लागला नाही. गाव मिरज, कान तंबोऱ्याचा, व्याही चेलो वाजवणारे आणि घर लाइपझिगला. बाख. योहान सेबास्टियन बाख. आणि त्याच्या रचनांतही चेलोसाठी लिहिलेल्या सहा 'स्वीट'पैकी (स्वीट म्हणजे छोट्या तुकड्यांची माळ) पहिलीचा पहिला तुकडा, 'प्रेल्यूड'. दोन-अडीच मिनिटांचा आहे. एक माणूस, एक चेलो, साथ नाही, ठेका नाही.

ही पहिली स्वीट 'जी मेजर' या स्वरावलीत आहे, म्हणून इथेही 'जी'ला षड्ज धरा. पहिले स्वर ऐका: सा, प, आणि वरच्या सप्तकातला ग. चेलोच्या दोन मोकळ्या तारा नेमक्या याच सा-प वर असतात, त्यामुळे त्या नुसत्या वाजत नाहीत, घुमतात. तंबोरा जुळवून झाल्यावर त्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार तुम्हाला सांगायला नको. बाखने तो गंधार उघड वाजवला आहे, इतकंच. मग दुसऱ्या मात्रासमूहात खालचा सा तसाच आणि वर ध-म. तिसऱ्यात सा तसाच, वर नि-म. जरा ताण येतो. चौथ्यात पुन्हा सा आणि ग, घरी परत. चार पावलं, खाली खरज ढळत नाही. इथपर्यंत तुम्हाला अगदी माहेरी आल्यासारखं वाटेल.

आणि पाचव्या पावलावर खालचा स्वर जागचा उठतो.

हेच आहे, मिरजकर. आपल्याकडे सा हलत नाही. तंबोरा हा जमिनीसारखा, राग तिच्यावर चालतो. त्यांच्याकडे जमीनच चालायला लागते. तुम्हाला मागच्या खेपेला जे 'काहीतरी चाललंय पण हाताला लागत नाही' असं झालं असणार, ते यामुळे. कान सा शोधत बसतो आणि सा निघून गेलेला असतो. ते एकदा कळलं की मजा यायला लागते. हा माणूस घर सोडून कुठवर जातो, कुठल्या परक्या अंगणात उभा राहतो, आणि परत कसा येतो, हे ऐकायचं. त्या प्रेल्यूडच्या उत्तरार्धात एका जागी चेलो खालच्या अंगाने अगदी अडखळून थांबतो, पुढे जाऊ की नको. मग हळूहळू पायरी पायरीने वर चढत जातो, शेवटाकडे तर एकेक स्वर रेटत, आणि मोठ्या, भरल्या स्वरमेळावर घर येतं. समेवर आल्यासारखी मान आपोआप हलते. फक्त ही सम सोळा मात्रांनी येत नाही, अडीच मिनिटांनी येते. बीथोवनच्या सिम्फनीत तिला अर्धा तास लागतो. तेवढा वेळ घर लक्षात ठेवावं लागतं.

म्हणून माझा सल्ला एकच आणि तो जरा कंटाळवाणा आहे: दहा रचना एकेकदा ऐकू नका, एक रचना दहा वेळा ऐका. लक्षात राहिल्याशिवाय हे संगीत उलगडतच नाही. हाच प्रेल्यूड रोज सकाळी एकदा, चहा आणि वर्तमानपत्र बाजूला ठेवून. आठवड्याने तुम्ही तो गुणगुणायला लागाल. मग पाब्लो कासाल्सचं ध्वनिमुद्रण लावा, १९३६ ते १९३९च्या दरम्यानचं आहे, जरा खरखर आहे, पण खाँसाहेबांच्या तबकड्यांवर वाढलेल्या कानाला खरखरीचं काय! कासाल्सची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. तेरा वर्षांचा असताना, १८९०मध्ये, बार्सिलोनात जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात त्याला या सहा स्वीटची छापील प्रत सापडली. तोवर लोक त्यांना सरावाचे पाठ समजत. त्याने बारा वर्षं त्यांचा रियाज केला आणि मगच त्यातली एक लोकांसमोर वाजवायचं धाडस केलं. व्याह्यांना हे नक्की ठाऊक असणार, चेलो वाजवणाऱ्यांत ही गोष्ट आपल्याकडच्या गुरुचरित्रासारखी सांगतात.

बाख स्वतः कसा होता? फार झगमगीत माणूस नव्हता आणि मला वाटतं त्याच्यावरच्या प्रेमाचं ते एक कारण आहे. विशीत असताना, १७०५मध्ये, त्याने अर्नस्टाटच्या चर्चमधल्या नोकरीतून चार आठवड्यांची रजा घेतली आणि बुक्सटहूडे नावाच्या बुजुर्ग ऑर्गनवादकाला ऐकायला ल्युबेकला गेला. चालत. अंतर सुमारे ४०० किलोमीटर, म्हणजे आळंदी ते पंढरपूरपेक्षा कितीतरी जास्त. परतला तो चार महिन्यांनी, आणि चर्चच्या मंडळींनी त्याला जाब विचारला. गुरूच्या शोधात पळून गेलेल्या आपल्या गवयांच्या कथा आठवतात ना? तीच जात. पुढे १७२३मध्ये लाइपझिगला थोमासकिर्खे या चर्चच्या नोकरीवर त्याला घेतलं, तेही पहिल्या पसंतीने नाही. नगरपरिषदेला आधी टेलेमान हवा होता, मग ग्राउप्नर. ते जमले नाहीत म्हणून हा. त्याने मुकाट्याने कामाला सुरुवात केली. पहिली काही वर्षं जवळजवळ दर रविवारी एक नवीन कँटाटा (चर्चमध्ये वाद्यांच्या साथीने गायची रचना), शिवाय शाळेतली पोरं शिकवायची. वीस मुलं झाली, त्यांतली निम्मी लहानपणीच गेली. २७ वर्षं तिथेच काढून १७५०मध्ये वारला. थोर थोर म्हणून मिरवला नाही. अनेक हस्तलिखितांच्या शेवटी 'केवळ देवाच्या गौरवासाठी' या अर्थाची तीन लॅटिन अक्षरं लिहून ठेवली. आमच्या पिढीला अशी माणसं घरात बघायची सवय होती, म्हणून तो मला परका वाटत नाही.

थोमासकिर्खेत शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी दुपारी तिथल्या मुलांचा गायकवृंद मोटेट (अनेक आवाजांत गायची धार्मिक रचना) गातो. हा वृंद आठशे वर्षांहून जुना आहे. व्याह्यांना म्हणावं, मला आधी तिथे न्या. ती मैफल नव्हे, प्रार्थना असते, दर्ग्यात बसता तसं बसायचं. आणि बाखची कबर त्याच चर्चमध्ये आत आहे. खाँसाहेबांच्या गावचा माणूस तिथे जाऊन हात न जोडता कसा येईल?

बाकीच्यांबद्दल थोडक्यात सांगते. बीथोवनची पाचवी इतक्यात नको. तिचे पहिले चार स्वर जाहिरातींनी झिजवले आहेत. त्याच्यावर लोक जीव टाकतात तो झुंजीसाठी. कान जात असल्याचं दुःख त्याने १८०२मध्ये भावांना उद्देशून कागदावर उतरवलं, आणि मोठी कामं त्यानंतर केली. मे १८२४मध्ये नववी सिम्फनी पहिल्यांदा झाली तेव्हा त्याला टाळ्या ऐकू येईनात, एका गायिकेने धरून प्रेक्षकांकडे वळवलं तेव्हा त्या दिसल्या. शोपाँ पियानोचा, रात्री एकटं असताना ऐकायचा. ब्राम्स बहुधा तुमच्या व्याह्यांच्या कपाटात असणार, चेलोवाल्यांचा तो लाडका. बीथोवनच्या दडपणाखाली त्याने पहिली सिम्फनी पुरी करायला वयाची ४३ वर्षं उजाडू दिली. वाग्नरचा जन्म लाइपझिगचाच, १८१३चा, पण त्याच्या वाटेला या खेपेला जाऊ नका. रात्रभर मैफल ऐकणाऱ्याला तासांचं भय नसतं हे मला ठाऊक आहे, पण तिथे मधे उठून चहा प्यायला जाता येत नाही.

माझा आवडता विचाराल तर शुबर्ट. ३१ वर्षांचं आयुष्य, सहाशेच्या वर गाणी, आणि हयातीत केवळ स्वतःच्या रचनांचा जाहीर कार्यक्रम एकच, मार्च १८२८मध्ये. त्याच वर्षी गेला. शेवटच्या महिन्यांत लिहिलेलं एक पंचक आहे, दोन व्हायोलिनं, एक व्हायोला आणि दोन चेलो. त्याचा दुसरा भाग मी कोणासमोर लावत नाही. पहिल्यांदा ऐकला तो गिरगावात असताना. आमच्या चाळीपासून चालत धोबी तलावला गेलं की गोव्याच्या गावागावांचे कूड होते, मुंबईत नोकरी-धंद्यासाठी आलेल्या गोंयकारांच्या राहायच्या जागा. चर्चच्या पॅरिश शाळेत सोल्फेज (लिहिलेले स्वर वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकून आलेली ही मंडळी हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवायची, आणि सुट्टीच्या दिवशी आपापसांत असलं काहीतरी. जिन्यात उभी राहून ऐकलं. कोणाचं आहे ते विचारायचीही लाज वाटली. नाव कळायला नंतर अकरा वर्षं लागली, पण आवडता तो त्या जिन्यातच ठरला होता. नाव न कळताही माणूस आवडता होतो, म्हणून 'आवडता कोण' या प्रश्नाला तुम्ही एवढं घाबरू नका.

कान वळतील का? नवा कान लागत नाही. सुरेल काय, बेसूर काय, लय कुठे ढळली, हे तुम्हाला कळतंच. श्रुतींच्या बाबतीत सुरुवातीला थोडं खटकेल. पियानोचा गंधार तंबोऱ्यातल्या गंधाराहून किंचित चढा असतो आणि तुमच्या कानाला तो टोचेल, हे सांगून ठेवते. चेलो-व्हायोलिनमध्ये तेवढं टोचत नाही, म्हणूनही मी चेलोपासून सुरुवात सुचवली. प्रत्यक्ष वाद्यवृंद ऐकायचा असेल तर मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे. तो ठरावीक हंगामात वाजवतो, तारखा बघून या.

आता व्याह्यांसाठी एक भेट देते, ती विमानात सामानात भरावी लागत नाही. त्यांना विचारा, देवगिरी ठाऊक आहे का? तेराव्या शतकात यादवांच्या दरबारी शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्यात १२० देशी तालांची यादी आहे. ती यादी एका फ्रेंच संगीतकोशात छापली गेली आणि तिथे ऑलिव्हिए मेसियां नावाच्या तरुण संगीतकाराच्या हाती लागली. पुढे महायुद्धात तो जर्मनांच्या हाती सापडला आणि ग्योर्लित्झच्या युद्धकैद्यांच्या छावणीत पडला. ग्योर्लित्झ आज लाइपझिगच्याच सॅक्सनी प्रांतात आहे, छावणीची जागा मात्र नदीपलीकडे, आताच्या पोलंडमध्ये. तिथे त्याने क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि पियानो यांच्यासाठी 'काळाच्या अंतासाठी' अशा नावाचं चतुष्क लिहिलं, आणि १५ जानेवारी १९४१ला, कडाक्याच्या थंडीत, कैद्यांसमोर आणि पहारेकऱ्यांसमोर ते वाजवलं. त्याच्या पहिल्या भागात पियानो जी लय धरतो ती तीन देशी तालांची आहे: रागवर्धन, चंद्रकला, लक्ष्मीश. आपल्या दौलताबादेत नोंदलेले ताल जर्मन बंदिवासात वाजले. ऐकायला ते चतुष्क अवघड आहे, तुम्हाला इतक्यात झेपणार नाही, पण गोष्ट मात्र सांगा. त्यातला चेलोचा भाग व्याह्यांना माहीत असला तर ते खुर्चीतून उठतील.

सौं.चा सल्ला माझ्याहून बरा आहे. येत्या रविवारी कॉल लागला की म्हणा, मोझार्टची ओळख मला एका हिंदी गाण्यातून झाली, आणि ते गाणं त्यांना ऐकवा. मग म्हणा, तुमच्या बाखचा प्रेल्यूड मी रोज ऐकतोय, पाचव्या पावलावर सा का उठतो ते मला चेलोवर दाखवा. शिक्षक माणूस, तासभर दाखवेल. बदल्यात तुम्ही त्यांना खाँसाहेबांची झिंझोटीतली 'पिया बिन नाही आवत चैन' ऐकवा. तबकडीएवढी, जेमतेम तीन मिनिटांची आहे. तिच्यात सा एकदाही उठत नाही आणि तरी माणूस कुठल्या कुठे जाऊन येतो, त्याचं त्यांना नवल वाटू द्या.

आणि जूनमध्ये त्यांच्या घरी जमाल तेव्हा हायडनचं एक चतुष्क लावायला सांगा, ओपस ३३ या संचातलं दुसरं, १७८१चं. त्याला 'विनोद' म्हणूनच ओळखतात. शेवटच्या भागात तो संपल्यासारखा थांबतो, पुन्हा एक ओळ वाजवतो, पुन्हा थांबतो. मग चांगली लांब शांतता, आता नक्की संपलं असं सगळ्यांना वाटतं, आणि तेवढ्यात पहिलीच ओळ पुन्हा येते आणि अर्ध्यावर सोडल्यासारखी तिथेच खरोखर संपते. ऐकणारा कुठे टाळी वाजवतो ते बघायलाच हायडनने ते लिहिलंय. या वेळी तुम्ही हात मांडीवर ठेवून छताकडे बघत बसा, आणि व्याह्यांकडे लक्ष ठेवा.